बाटली कापायच्या आधी

मागच्या अंकात कोल्ड्रिंकच्या बाटलीच्या पेनस्टँडचा फोटो छापला आणि तेव्हापासून तुमची पत्रं, मेसेज चालूच आहेत. सगळ्यांना उत्तर देणं जमत नाहीये, म्हणून जे प्रश्न सारखे सारखे आले ते इथे घेतलेत.

ताई नमस्कार, आम्ही परळला चौथ्या मजल्यावर राहतो. घरात जागा नाही पण खिडकीला ग्रील आहे. तीसेक बाटल्या साठवल्यात, सासूबाई रोज म्हणतात टाकून दे ते. मला त्यात झाडं लावायचीत. पण मागच्या पावसाळ्यात आमच्या बिल्डिंगमधे दोघांना डेंग्यू झाला आणि पालिकेची माणसं येऊन सगळ्यांना कुंड्यांखालच्या ताटल्या काढायला लावून गेली. बाटल्यांमधे झाडं लावली तर डास होतील का? — एक वाचक, परळ

नीट केलं नाही तर होतील, आणि तुम्ही हे आधी विचारलंत हे फार बरं केलंत. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो, बाटलीचं एक बूच भरेल एवढं पाणी त्याला पुरतं, आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. शिवाय अंडी पाण्याच्या जरा वर भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी झाली तरी कित्येक महिने जिवंत राहतात, त्यामुळे नुसतं पाणी ओतून टाकून चालत नाही, आतून घासायलाच लागतं.

आता कुंडी. पाण्याची पातळ बाटली घेऊ नका, हातात घेतली की दबते ती, कोल्ड्रिंकची दोन लिटरवाली जाड बाटली घ्या. मधोमध मास्किंग टेपची एक पट्टी गोल चिकटवा आणि तिच्या कडेने कटर चालवा म्हणजे रेघ वाकडी जात नाही. खिळा पकडीत धरून गॅसवर तापवायचा आणि बुचाला मधे एक भोक पाडायचं, खिडकी उघडी ठेवून. त्या भोकातून जुन्या परकराची नाडी ओवायची, सुती हं. आत एक गाठ मारायची, वीतभर नाडी खाली लोंबू द्यायची आणि वरचं टोक मातीत शिरेल असं ठेवायचं. मग बूच लावून वरचा अर्धा भाग उलटा करून खालच्या भागात बसवायचा, वर माती आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, खाली पाणी. नाडी दिव्याच्या वातीसारखी लागेल तेवढं पाणी वर ओढत राहते.

दोन भागांमधे जी फट राहते तीच डासांची वाट. तिथे रुंद टेप गोल फिरवून बंद करून टाका आणि पाणी वरून मातीतच घाला हळूहळू, जास्तीचं नाडीवाटे खाली उतरतं. खालच्या भागाला ऊन लागलं की आत हिरवं शेवाळ धरतं, म्हणून त्याला जुन्या साडीचा काठ गुंडाळा, छान दिसतं पण, फक्त एक बोटभर उभी पट्टी उघडी ठेवा म्हणजे पाणी किती उरलंय ते दिसेल. आणि आठवड्यातून एक वार ठरवून टेप काढायची, पाणी ओतायचं, खालचा भाग काथ्याने घासायचा. हे जमणार नसेल तर खाली पाणी ठेवूच नका, बुडाला भोकं पाडून साधी कुंडी करा आणि खाली ताटली ठेवू नका.

यात पुदिना आणि मनीप्लांट मस्त होतो. तुळस लावू नका, सतत ओल असली की मुळं कुजतात बिचारीची. कढीपत्त्याला खोल जागा लागते, त्याला पाच लिटरचा तेलाचा कॅन कापून द्या. आणि ओली माती भरलेली बाटली दीड-दोन किलोची होते, ती ग्रीलच्या बाहेरच्या बाजूला तारेने लटकवू नका, खाली माणसं चालतात. सासूबाईंना पहिला पुदिना तोडायला द्या.

लेबल निघतं पण खालचा चिकटा निघत नाही. — एक वाचक, मुलुंड

खोबरेल तेल आणि खायचा सोडा कालवून लावा, अर्धा तास ठेवा, स्क्रबने घासा, मग भांड्यांच्या साबणाने धुवा. गरम पाण्यात टाकू नका, बाटली आक्रसते.

मी बाटलीला ॲक्रेलिक रंग दिला, दोन दिवसांनी नखाने पापुद्रा निघाला. फेविकॉलने लेस लावली तीही सुटली. काय चुकतंय? — एक कॉलेजवाली, कांदिवली

तुझं काही चुकत नाहीये गं, प्लास्टिकच गुळगुळीत आहे. फेविकॉल हा लाकूड-कागदाचा गोंद, त्याला आत शिरायला जागा लागते आणि ती इथे नसते. आधी बाटली पॉलिश पेपरने घास, सगळी पांढुरकी धुरकट दिसायला लागेपर्यंत, मग पुसून प्रायमरचा एक पातळ हात आणि तो पूर्ण सुकल्यावर रंग. एकदम जाड हात देऊ नकोस, दोन-तीन पातळ दे. लेससाठी ग्लू गन चालेल पण गोंद थोडा गार होऊ दे, नाहीतर पातळ बाटलीला तिथेच खड्डा पडतो. कापलेली धार बोटाला लागत असेल तर इस्त्री मध्यम गरम कर, तिच्यावर बटर पेपर ठेव आणि बाटलीची कड त्यावर दोन-तीन सेकंद टेकव, कड आत वळते आणि गोल गुळगुळीत होते. घरात लहान मुलं असतील तर ही पायरी सोडायचीच नाही. सामान अब्दुल रहमान स्ट्रीटला बघ, क्रॉफर्ड मार्केटच्या जवळच आहे, लेस-मणी-रंग सगळं एका गल्लीत मिळतं.

आमच्या चाळीच्या गणपतीचं मखर यंदा बाटल्यांचं करायचं ठरलंय. थर्माकोल तर बंदच आहे. आत बल्ब लावून बाटल्या चमकवायच्यात. काही सूचना? — मंडळाचा एक कार्यकर्ता, लालबाग

कल्पना फार आवडली मला. राज्यात २०१८ पासून थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली तेव्हा बऱ्याच मंडळांना सुचत नव्हतं आता काय, आणि बाटलीचं बूड नीट बघा तुम्ही, पाच पाकळ्यांचं फूल तयारच असतं तिथे. नुसती बुडं कापून कडा इस्त्रीवर वळवून ओळीने लावली तरी जाळी तयार होते.

पण बल्बचं मात्र ऐका. बाटलीचं प्लास्टिक, ज्याला पेट म्हणतात, ते साधारण ७० ते ८० अंशाला मऊ पडायला लागतं आणि जुना पिवळा बल्ब त्याहून कितीतरी जास्त तापतो. मी एका दिवाळीत बाटलीच्या कंदिलात तसला बल्ब सोडला होता, गॅलरीत लावला, आरतीला आत गेले आणि बाहेर आले तर एका बाजूने सगळा खाली ओघळलेला, जळका वास आणि वायरचं वरचं आवरणसुद्धा मऊ झालेलं. थोडा उशीर झाला असता तर काय झालं असतं या विचाराने रात्रभर झोप लागली नाही. तेव्हापासून फक्त एलईडीच्या माळा, त्याही बाटलीच्या आत कोंबून नाही, मागून. लोहार चाळीत हव्या तेवढ्या मिळतील. समई, निरांजन, कापूर या सगळ्यापासून मखर चांगलं हातभर लांब हवं. मेणबत्तीवर धरून पाकळ्या वळवणार असाल तर मोकळ्या जागेत करा, प्लास्टिक नुसतं गरम करायचं, पेटू द्यायचं नाही.

अजून एक, गोंद जितका कमी वापराल तितकं बरं. बुडाला भोक पाडून सुतळीने किंवा तारेने बांधा. म्हणजे विसर्जनानंतर मखर उलगडता येईल आणि बाटल्या भंगारात देता येतील.

तुम्ही रागावू नका, पण माझा या सगळ्यावरच प्रश्न आहे. बाटली भंगारवाला घेतोच. मग ती कापून रंगवून शोपीस करण्यात पर्यावरणाचं काय भलं झालं? — एक निवृत्त शिक्षक, गिरगाव

सर, रागावणार कशी, हाच प्रश्न मला स्वतःला दोन वर्षं छळतोय. धारावीच्या तेरा कंपाउंडमधे गेलं की दिसतं, मुंबईभरातलं प्लास्टिक तिथे येतं, रंगानुसार, जातीनुसार हाताने वेगळं होतं, मग त्याचे तुकडे होतात, धुतले जातात आणि वितळवून नव्या प्लास्टिकसाठी दाणा होतो. बाटली पाण्यात बुडते आणि तिचं बूच तरंगतं कारण दोघांचं प्लास्टिक वेगळं, यावरसुद्धा ते वेगळं करता येतं. आपल्या पाण्याच्या बाटलीचा धागा होतो, पॉलिस्टरचा, त्याचे कपडे होतात, उशीत भरायचा कापूस होतो. आणि ती आपल्या दारापासून तिथपर्यंत नेणारी माणसं, कचरा वेचणाऱ्या बायका, त्यांचं पोट या बाटलीवर असतं.

आता त्याच बाटलीला मी प्रायमर मारला, ग्लू लावला, आरसे चिकटवले की ती कोणी घेत नाही. दोन महिन्यांनी धूळ बसली की ती कचऱ्यात जाते, म्हणजे जी धागा झाली असती ती माझ्यामुळे डम्पिंगला गेली. म्हणून मी आता शोपीस शिकवणं बंद केलंय. वस्तू अशी करायची की जिच्यासाठी आपण नाहीतर दुकानात जाऊन नवीन प्लास्टिक आणलं असतं, कुंडी, डबा, सुपली, आणि ती दोन वर्षं तरी रोज हातात आली पाहिजे. तीस बाटल्या साठवल्या आणि सहाच लागल्या तर चोवीस धुऊन भंगारात. भंगारात न देता रस्त्यावर टाकलेली बाटली नाल्यात जाते आणि नाल्यातून समुद्रात, वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अफरोज शाह यांनी २०१५ मधे सफाई सुरू केली तेव्हा तिथे किती प्लास्टिक साचलं होतं ते फोटो आजही बघवत नाहीत.

रिकाम्या बाटलीत मसाला, तेल, लोणचं भरलं तर चालतं का? — एक आजी, दादर

आजी, लोणचं आणि गरम काहीही नको. या बाटल्या एकदा वापरायच्या म्हणूनच बनवलेल्या असतात, उष्णतेने प्लास्टिकमधली द्रव्यं जास्त उतरतात, आणि आतून घासायला हात जात नाही त्यामुळे तेल-मसाल्याचा वास नि बुरशी राहते. फिनेल-ॲसिडच्या बाटलीत तर खायचं काहीच कधीही नाही, कितीही धुतली तरी.

पण तुम्हाला एक छान गोष्ट सांगते. पाण्याच्या बाटलीचा गळा आट्यांच्या खाली दोन बोटं ठेवून कापून घ्या, कड गुळगुळीत करा. पोह्याच्या किंवा रव्याच्या पिशवीचं तोंड त्या गळ्यातून खालून वर काढायचं, बाहेर दुमडायचं आणि वरून बूच घट्ट फिरवायचं. पावसाळ्यात आपल्याकडे पोहे एका दिवसात सादळतात ना, असे ठेवले तर आठवडाभर कुरकुरीत. बूच उघडून ओतताही येतं, सांडत नाही. माझ्या आईकडे असे आठ गळे आहेत.

आमची खोली भांडुपला डोंगरावर, वर पत्रा, खिडकी एकच. दिवसासुद्धा लाईट लावावी लागते. पाण्याच्या बाटलीचा दिवा होतो म्हणे, खरं आहे का? — एक रिक्षाचालक, भांडुप

खरं आहे दादा. ब्राझीलमधल्या आल्फ्रेडो मोझर नावाच्या मेकॅनिकने २००२ मधे हे केलं, त्यांच्याकडे तेव्हा वीज सारखी जायची. दोन लिटरची स्वच्छ बाटली, त्यात पाणी आणि पाणी हिरवं होऊ नये म्हणून दोन बुचं ब्लीच, बस. पत्र्याला भोक पाडून बाटली थोडी वर आणि बाकीची खोलीत अशी बसवायची. वरून आलेलं ऊन पाण्यातून वाकून चारी बाजूंना पसरतं, भर उन्हात ४० ते ६० वॅटच्या बल्बएवढा उजेड पडतो. नंतर फिलिपिन्समधे हजारो घरांत हे बसवलं गेलं. रात्री उपयोग नाही अर्थात.

आपल्याकडे खरी अडचण पावसाची. पत्र्याचा एक चौकोनी तुकडा घ्या, त्याला बाटलीपेक्षा किंचित लहान भोक पाडा, कडेने चिरा देऊन वर वळवा आणि बाटली त्यात घट्ट बसवून सिलिकॉन भरा, मग तो तुकडा छपरावर रिव्हेट आणि सिलिकॉनने बसवा. हे एप्रिल-मेमधे करा आणि बादलीभर पाणी ओतून गळतंय का बघा. सिमेंटचा पत्रा असेल तर करूच नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, कापताना धूळ छातीत जाते, शिवाय त्यावर पाय दिला की तो फुटतो.

गणपतीला आठ दिवस गावाला जातो, आल्यावर झाडं मेलेली असतात. बाटली उलटी खुपसून ठेवतात तसं करू का? — एक वाचक, डोंबिवलीहून नुकतेच चेंबूरला आलेले

करा, पण जायच्या दिवशी पहिल्यांदा करू नका. बुचाला मोठं भोक असेल तर बाटली तासाभरात रिकामी होते, फार बारीक असेल तर मातीचा कण अडकून पाणी उतरतच नाही. सुईने एकच भोक पाडा, बुचावर सुती कापडाचा तुकडा बांधा, झाडाला आधी भरपूर पाणी घालून मग बाटली तीन बोटं मातीत खुपसा आणि शनिवारी लावून रविवारी किती उतरली ते बघा. लिटरभर पाणी छोट्या कुंडीला आठ दिवस पुरतं, मोठ्या कुंडीला दोन बाटल्या लागतील. सगळ्या कुंड्या ग्रीलमधून काढून खिडकीच्या आत सावलीत एकमेकींना खेटून ठेवा, ऊन-वारा कमी लागला की पाणी कमी लागतं. आणि बादली, ताटली, मग, काहीही पाणी भरून उघडं ठेवून जाऊ नका, आठ दिवस म्हणजे डासांना बरोब्बर पुरतात.