पुढचा प्रतिस्पर्धी जोखताना आकडे कुठे फसवतात

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या बिग टेन या कॉन्फरन्समध्ये (संघांच्या गटात) 2024 पासून 18 संघ आहेत आणि प्रत्येकाचे कॉन्फरन्समधले सामने फक्त 9. त्यामुळे दोन संघांच्या नुसत्या जय-पराजयाची तुलना करू नका, कोण कोणाशी खेळलं ते आधी बघा. सप्टेंबरात एफसीएस (खालच्या पातळीच्या विभागातल्या) संघाला धुतलेले 50 गुण सरळ वगळा.

एकूण यार्डांपेक्षा दर प्लेमागचे (एकेका चालीमागचे) यार्ड बघा. नवखे हमखास फसतात ते रशिंगमध्ये, म्हणजे चेंडू घेऊन पळून मिळवलेल्या यार्डांत. कॉलेज फुटबॉलात क्वार्टरबॅक (पास फेकणारा खेळाडू) सॅक झाला, म्हणजे पास फेकण्याआधीच मागे पाडला गेला, की गेलेले यार्ड रशिंगमधून वजा होतात (एनएफएलमध्ये पासिंगमधून). समजा 35 वेळा चेंडू घेऊन पळण्यात 120 यार्ड, म्हणजे सरासरी 3.4. त्यातले 4 सॅक आणि त्यांत गमावलेले 28 यार्ड बाजूला काढले की उरतात 31 वेळांत 148, सरासरी जवळजवळ 4.8! ‘यांना पळताच येत नाही’ म्हणत होतात ना?

टर्नओव्हरवर (प्रतिस्पर्ध्याच्या हातून चेंडू मिळवण्यावर) जिंकत आलेल्या संघाला फार घाबरू नका. लांबट चेंडू सुटल्यावर कुठे उसळेल हा बराचसा नशिबाचा भाग. ट्रान्सफर पोर्टलमधून (दुसऱ्या कॉलेजातून) आलेल्या नावांपेक्षा ऑफेन्सिव्ह लाइनचे (क्वार्टरबॅकला वाचवणारी पुढची फळी) पाचांपैकी किती जण गेल्या वर्षीचे आहेत, ते मोजा. आणि प्रतिस्पर्ध्याचा बाय वीक (सामना नसलेला विश्रांतीचा आठवडा) तुमच्या सामन्याआधीच तर नाही ना, तेही वेळापत्रकात तपासा.