पोळ्याच्या आत लग्नाची कॅसेट

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यात लग्नाचं शूटिंग करतो. मे महिन्यातलं एक लग्न 40 हजारांत घेतलं, 15 हजार इसार मिळाला. लिखापढी नाही, फोनवर 'महिन्याभरात देतो' म्हणालो होतो. लगीनसराईत कामं साचली, दोन महिने उलटले. आता मुलीचे वडील म्हणतात, पोरगी पोळ्याला माहेरी येते, तोवर कॅसेट द्या. नाही तर ग्राहक कोर्टात जातो आणि बाकीचे पैसेही देत नाही. घाईनं एडिट करून देऊन टाकू, की पैसे मिळेपर्यंत सगळं अडवून ठेवू?

उत्तर : भाऊ, दोन्ही नको.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार कामाचा दर्जा घसरला, तरी ती सेवेतली त्रुटीच. मंगलाष्टकांचा आवाज पुढंमागं झाला, बिदाईचा प्रसंगच कापला गेला, तर आज उशिराचं एक गाऱ्हाणं आहे, उद्या दोन होतील. लिखापढी नाही म्हणून सुटलो, असंही समजू नका. तोंडी करारही करारच असतो, आणि तुमचा शब्द तर मोडला आहे.

तरी वाट आहे. करार कायद्याच्या कलम 55 प्रमाणे, उशिरा झालेलं काम समोरच्यानं स्वीकारलं आणि स्वीकारताना 'नुकसानभरपाई मागणार' असं बजावलं नाही, तर उशिराची भरपाई त्याला नंतर मागता येत नाही. म्हणून आधी त्यांच्या घरी जा, चूक कबूल करा. हळद, मंगलाष्टकं, बिदाई एवढं नीट एडिट करून पोळ्याआधी द्या. वरात आणि पंगती पुढच्या तारखेला. ठरलं की दोन्ही तारखा व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून त्यांचा होकार घ्या.

अडवून ठेवण्याचं मात्र मनातूनच काढा. पैसे देऊन करवून घेतलेल्या व्हिडिओचा कॉपीराइट, वेगळं ठरलं नसेल तर, करवून घेणाऱ्याचा असतो. कॉपीराइट कायदा 1957, कलम 17. बाकीचे 25 हजार मागायचा हक्क तुमचा आहेच, पण तयार काम समोर ठेवून. पैसे आणि पेनड्राइव्ह हातोहात द्यायचं ठरलं असेल, तर करार कायद्याचं कलम 51 तुमच्या बाजूनं आहे. काम अर्धवट ठेवून पैसे मागाल, तर ते उपयोगी पडणार नाही. 'फुटेज डिलीट करतो' हे तर रागातही बोलू नका. उलट आजच दुसऱ्या हार्ड डिस्कवर कॉपी काढा. ते लग्न पुन्हा लागणार नाही. फुटेज गेलं, तर कुठलंच कोर्ट ते परत आणून देऊ शकत नाही.

वडिलांची धमकी पोकळ नाही. एवढ्या रकमेच्या तक्रारीला यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात, म्हणजे ग्राहक कोर्टात, फी लागत नाही, वकीलही लागत नाही. आयोगाची नोटीस आलीच, तर 30 दिवसांत लेखी उत्तर द्या. आयोग फार तर आणखी 15 दिवस देतो. त्यापलीकडे मुदत वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे. आणि पुढच्या लग्नाचा इसार घ्याल, तेव्हा द्यायची तारीख आणि किती वेळा दुरुस्ती करून देणार, हे पावतीवरच लिहा.