मेरीला लाल रंग ‘माहीत होतो’ की ‘कळतो’?

परभणीच्या एका विद्यार्थिनीचे दोन प्रश्न आहेत. जगात जे काही आहे ते सगळं भौतिकच, असं मानणाऱ्या ‘फिजिकॅलिझम’ला जडवाद म्हणावं की भौतिकवाद? आणि मेरीच्या विचारप्रयोगावरच्या टिपणात ‘मेरीला नवं ज्ञान मिळतं’ असं लिहिलं, तर सरांनी ‘ज्ञान’भोवती गोल का केला?

पहिल्याचं उत्तर झटपट: भौतिकवाद. ‘जड’ म्हटलं की समोर ‘चैतन्य’ उभं राहतंच, म्हणजे वाद सुरू व्हायच्या आधीच जगाची वाटणी झालेली. शिवाय ऊर्जेला जड कसं म्हणणार? ‘भौतिक सुखं’ ऐकून कुणाला बंगला-गाडी आठवली तर आठवू द्या.

दुसरा प्रश्न खरा रंगतदार. फ्रँक जॅक्सन या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञानं १९८२ साली मेरी नावाची काल्पनिक शास्त्रज्ञ उभी केली. ती काळ्या-पांढऱ्या खोलीतच वाढलेली, पण रंग दिसताना डोळ्यात आणि मेंदूत जे जे घडतं ते सगळं तिनं अभ्यासलंय. एक दिवस ती बाहेर येते आणि पिकलेला लाल टोमॅटो बघते. जॅक्सन म्हणतात, तिला आता काहीतरी नवं समजलं; म्हणजे सगळी भौतिक माहिती असूनही काहीतरी सुटलं होतं; म्हणजे भौतिकवाद खोटा.

सरांचा गोल बरोबर आहे. ‘ज्ञान’ या भारदस्त शब्दाखाली सगळं भांडणच झाकलं जातं. आपण रोज बोलताना ‘मला ते माहीत आहे’ आणि ‘मला पोहता येतं’ यांची सरमिसळ करत नाही. लॉरेन्स नेमिरो आणि डेव्हिड लुईस या भौतिकवादाच्या बाजूच्या तत्त्वज्ञांचं उत्तर नेमकं ‘येतं’वर उभं आहे: मेरीला नवं काही माहीत झालं नाही, तिला लाल रंग ओळखता, आठवता, डोळ्यांपुढे आणता यायला लागला. माहितीत भर नाही, त्यामुळे भौतिकवाद शाबूत.

मग टिपणात क्रियापद कोणतं? सुरती जोंधळ्याची कणसं आगटीत भाजतात, गरम असतानाच हातावर चोळतात, दाणे कोवळे आणि गोड लागतात, हे पुण्याच्या पाहुण्याला सगळं माहीत असतं. तरी आपल्याकडे त्याला काय सांगतात? ‘हुरडा खाल्ल्याबिगर कळत नसतंय.’ ‘माहीत होत नसतंय’ असं कुणी म्हणत नाही. हे ‘कळणं’ कुणाचीच बाजू घेत नाही. म्हणून लिहा: ‘बाहेर आल्यावर मेरीला काहीतरी नवं कळतं.’ एवढं दोन्ही पक्षांना मान्य आहे. जॅक्सन तिथून ‘माहीत होतं’वर उडी मारतात, आणि युक्तिवाद तपासायचा तो त्या उडीपाशी.

माझं मत विचाराल तर ‘येतं’वाल्यांची बाजूही जराशी लंगडीच. पळसाच्या फुलाची नेमकी छटा समोर असेतोवर कळते. दुसऱ्या दिवशी जवळपासच्या छटांतून ती ओळखायला सांगितली तर भले भले चुकतील. ओळखता येत नाही, पण कळलं तर होतं. (खुद्द जॅक्सन पुढे पक्ष बदलून भौतिकवाद्यांत गेले, पण ते टिपणात एका ओळीत उरका.)

‘क्वालिया’ (लाल दिसताना आतून जसं वाटतं, ते वाटणं) हा शब्द तसाच देवनागरीत ठेवा. ‘अनुभूती’ मात्र टाळा. मुकुंदराजांच्या अंबाजोगाईपासून नाथांच्या पैठणपर्यंत तो शब्द ऐकणाऱ्याला थेट ब्रह्माकडे नेतो, आणि मेरीनं तर नुसता टोमॅटो पाहिलाय. ‘अनुभव’ पुरे.