कणकवलीला उतरा, कुडाळला चढा

अनेक आशीर्वाद.

तुम्हा दोघांचा बेत वाचला. सिंधुदुर्गातल्या धामापूरच्या तळ्याशी तंबू, मग मालवण, आचरा, सगळं सायकलवर आणि तेही मे महिन्यात. जरूर जा, पण वाट उलटी करा. कुडाळला उतरून कणकवलीला परतीची रेल्वेगाडी धरायची असं तुझ्या कागदावर आहे. त्याऐवजी कणकवलीला उतरा आणि कुडाळला चढा.

कारण वारा. खारे आणि मतलई वारे शाळेत पाठ केलेले असतात, ते इथे पायांना कळतात. पहाटे वारा असलाच तर जमिनीकडून समुद्राकडे असतो. दुपारी तो समुद्रावरून आत वळतो, उन्हाळ्यात किनाऱ्यालगत वायव्येकडून जोर धरतो आणि सूर्य मावळेपर्यंत सोडत नाही. म्हणून कणकवली ते आचरा हा पश्चिमेकडचा 35 किलोमीटरच्या आसपासचा पट्टा पहिल्या सकाळी घ्या. आचऱ्याहून मालवण वीसेक किलोमीटर दक्षिणेला आहे, ते दुपार कलल्यावर. पुढे चौक्यावरून धामापूर आणि कळसे, नेरूरपारावरून कुडाळ हे पूर्वेकडचे तुकडेही उन्हं उतरल्यावरच. बहुतेक वेळ वारा पाठीशी राहील. तुझ्या बेतात मालवण ते आचरा संध्याकाळी होतं, म्हणजे वारा थेट तोंडावर, आणि दोन्ही बाजूंना पिशव्या लावलेल्या सायकलला तो दुप्पट जाणवतो.

दिवसाला 60 किलोमीटर लिहिलंय, ते खोड. नकाशावर किनारा सपाट दिसतो, रस्ता तसा नाही. खाडीवरचा पूल, लगेच चढ, वर जांभ्या दगडाचा उघडा सडा म्हणजे सपाट माळ, पुन्हा उतार, पुन्हा खाडी. चढ लांब नसतात पण अंगावर येतात. पुढचं लहान चक्र 30 दात्यांचं आणि मागचं सर्वांत मोठं 34 चं असेल तर बसूनच चढता येतं. मागे 28 वरच संपत असेल तर निघण्याआधी कॅसेट, म्हणजे मागच्या चक्रांचा संच, बदलून घे. मात्र मागच्या डिरेलरला, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाला, तेवढे दाते झेपतात का, ते दुकानात आधी विचार. सड्यावर ना सावली ना पाणी, त्यामुळे पाणी चढाखालीच भरायचं.

दिवस घड्याळावर बांधा. पावणेसहाला चाकं फिरली पाहिजेत, दहाला थांबायचं, साडेचारपर्यंत हलायचं नाही. माणशी तासाला पाऊण लिटर पाणी धरा, म्हणजे प्रत्येकाजवळ निघताना 3 लिटर. नुसतं पाणी पीत राहिलात तर घामावाटे गेलेलं मीठ भरून येत नाही. डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस ते उन्हावर ढकलतो. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरसाठी असतं. अर्ध्या बाटलीत अख्खं ओतू नका. पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. पण माझं मत विचारशील तर सकाळच्या न्याहारीला उकड्या तांदळाची पेज, वर मीठ आणि लोणचं, यापेक्षा चांगलं काही नाही. जिथे राहाल तिथे आदल्या रात्रीच सांगून ठेवा.

आता तुम्हा दोघांबद्दल. सावकाश चालवणारा पुढे, जोरात चालवणारा मागे. उलटं केलं की पुढचा चढाच्या माथ्यावर थांबतो, पाणी पितो, दम खातो; मागचा पोचतो न पोचतो तोच हा निघतो. म्हणजे ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी दोघांत बोलणं कमी होतं. मागून येणारा “चल” म्हणेपर्यंत माथा सोडायचा नाही. एकमेकांकडे लक्षही असू द्या. जोडीदार विचारलेल्याचं भलतंच उत्तर द्यायला लागला, सायकल भरकटायला लागली, की जागच्या जागी सावलीत बसवा, कपडे भिजवा, वारा घाला, आणि लगेच 108 ला फोन. हत्यारं एकाकडे चालतील, पण ट्यूब, पंप, पाणी आणि पैसे दोघांकडे वेगवेगळे.

हत्यारांत 4, 5, 6 मिलिमीटरचे अ‍ॅलन पाने, पंक्चरचं साहित्य, तुमच्या चेनला बसणारी जोडकडी आणि ब्रेक पॅडचा एक जोड. तुझ्या ट्यूबचा व्हॉल्व्ह प्रेस्टा, म्हणजे बारीक आणि लांब, असेल तर पितळी अडॅप्टर खिशात हवाच, कारण गावातल्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसत नाही. कॅरियरचे बोल्ट रोज सकाळी आवळा. ते सुटून पिशवी स्पोकमध्ये जाते ती नेमकी उतारावर. उताराच्या तळाशी वळण, पूल आणि जांभ्याची बारीक खडी हे तिन्ही एकत्र भेटतात, तेव्हा वेग वळणाच्या आधीच उतरवा, वळणात नाही. चेनला जाड तेल नको, लाल धूळ चिकटून त्याची पेस्ट होते. थेंबभर पातळ तेल घालून फडक्याने पुसून टाका.

सामान माणशी 8 ते 10 किलोच्या वर नको. स्लीपिंग बॅग घरी ठेवा, सुती चादर पुरते. गॅसचा डबा तर आणूच नका. तो रेल्वेत चालत नाही, आणि मे महिन्यात सड्यावरचं गवत ठिणगीची वाट बघत असतं. तंबू स्वतःच्या पायांवर उभा राहणारा घ्या, कारण जांभ्यात खुंटी जात नाही. दोऱ्या चिऱ्यांना बांधायच्या. आतली जाळीच लावून झोपा, पण वरचं कापड हाताशी ठेवा. वळीव रात्री कधीही येतो, आणि विजा चमकत असताना ना सड्यावर थांबायचं ना एकट्या झाडाखाली. माडाखाली तंबू कधीच नाही, मग जागा कितीही सुंदर असो. नारळ आणि झावळ विचारून पडत नाहीत. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूतही नको: भरतीची रेषा रात्री फसवते, आणि या दिवसांत कासवाची पिल्लं बाहेर पडत असतील तर तुमच्या बॅटरीच्या उजेडाने ती समुद्राऐवजी तुमच्याकडे वळतात.

धामापूरचं तळं 1530 साली नागेश देसाई यांनी बांधलेलं, डोंगरांच्या कुशीतलं. 2020 मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला, आणि ते आजही शेतीला पाणी देतं. काठावर भगवतीचं देऊळ आहे. तेव्हा काठावर परस्पर तंबू ठोकू नका. ग्रामपंचायतीत किंवा देवळात विचारा, नाहीतर जवळच्या वाडीत कुणाच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, जागा मागा. खळं सारवलेलं, सपाट, विहीर जवळ, आणि रात्री माणसांची जाग. साबण तळ्यात नको, बादलीत पाणी काढून दूर धुवा.

फुरसं हा विषारी साप लक्षात ठेवा. लहान असतं, दगडांखाली असतं, रात्री फिरतं. बॅटरीशिवाय पाऊल नाही, बूट झटकल्याशिवाय पाय नाही, चिरा उचलायचा तर आधी काठीने हलवून. चावलंच तर आवळून बांधू नका, चिरू नका. तो हात किंवा पाय न हलवता थेट सरकारी रुग्णालय गाठा.

राहिली गाडी. कणकवली आणि कुडाळला गाड्या थोडा वेळच थांबतात, त्यामुळे पार्सल डब्यात सायकल चढवायची तर कुठल्या गाडीत घेतील हे आदल्या दिवशी पार्सल कार्यालयात जाऊन विचारा. चाकं काढून सायकल पिशवीत भरणार असाल तर काढताना डाव्या बाजूचं पेडल उलटं फिरतं हे लक्षात ठेव, आणि मागचा डिरेलर काढून फ्रेमच्या आत बांध, नाहीतर धक्क्याने तो ज्यावर बसतो तो हँगर वाकतो.