मधुमेहाच्या एका शिबिराहून आल्यापासून वडिलांनी शुगरच्या गोळ्या बंद करून काढा आणि मधुमेह ‘उलटवणारं’ म्हणून तिथे विकलेलं आयुर्वेदिक ‘रिव्हर्सल किट’ सुरू केलंय. ‘डॉक्टर, लॅब, कंपन्या सगळे मिळालेले आहेत’ म्हणतात. त्यांना कसं समजवायचं?

तुम्ही वडिलांचं वय लिहिलंत, शिबिराचं वर्णन केलंत, किटची किंमतही दिलीत. पण बंद केलेल्या गोळ्या कोणत्या, हे लिहिलं नाहीत, आणि बाकी सगळ्याच्या आधी तेच कळायला हवं. मी तालुक्याच्या गावात मेडिकल चालवतो. बी.फार्म. आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे डोस सांगणार नाही. घरात रिकाम्या स्ट्रिपा असतील त्या काढा आणि मागचं बारीक अक्षर वाचा.

इन्सुलिन चालू होतं आणि तेही बंद केलं असेल, तर समजावणं वगैरे राहू द्या, आत्ता डॉक्टरांना फोन करा. नुसतं मेटफॉर्मिन सुटलं असेल तर आज रात्री काही होणार नाही, शुगर सावकाश चढेल, बोलायला वेळ आहे. खरा घोळ तिसऱ्याच ठिकाणी होतो. माणूस शिबिरातून येतो, भात-भाकरी सोडतो, एक वेळ जेवतो, आणि पाचपैकी दोन गोळ्या बंद करून तीन ‘सवयीने’ चालू ठेवतो. त्यात ग्लिमेपिराइड असेल आणि पोटात अन्न नसेल, तर शुगर पन्नास-साठपर्यंत उतरते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं. घरच्यांना वाटतं शरीरातलं विष बाहेर पडतंय, कारण शिबिरात तसंच सांगितलेलं असतं. दुसरी गोळी डापाग्लिफ्लोझिन किंवा तिची भावंडं, नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ येतं ती. ती घेत असताना पिष्टमय खाणं जवळजवळ बंद केलं तर रक्तात कीटोन नावाची आम्लं धोकादायक प्रमाणात साठू शकतात, आणि वाईट भाग असा की ग्लुकोमीटरवर आकडा फारसा वाढलेला दिसतही नाही. उलट्या, पोटदुखी, धाप. लोक माझ्याकडे पित्ताची गोळी मागायला येतात. अशा वेळी मी गोळी देत नाही, दवाखान्यात पाठवतो.

आता समजावण्याचं. माझं मत विचाराल तर वडिलांशी ‘डॉक्टर असं करणार नाहीत’ या बाजूने वाद घालूच नका. तुम्ही हराल, कारण निम्म्या गोष्टींत ते बरोबर आहेत.

काउंटरच्या आतून काय दिसतं ते सांगतो. सरकारच्या किंमत नियंत्रणाच्या यादीतल्या औषधावर दुकानदाराला १६ टक्के मार्जिन ठरवून दिलेलं आहे. यादीबाहेरच्या ब्रँडेड औषधावर साधारण वीस. पण ज्याला आम्ही धंद्यात ‘जेनेरिक’ म्हणतो, म्हणजे डॉक्टरांकडे एमआर (कंपनीचे प्रतिनिधी) न फिरवता थेट दुकानात येणारा माल, त्याच्या स्ट्रिपवर छापील किंमत शंभर असली तरी दुकानात ती त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यात पडलेली असू शकते. गिऱ्हाइकाला वीस टक्के सूट दिली की तो खूश. कट प्रॅक्टिस हा शब्द महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. २०१७ मध्ये राज्य सरकारने त्याविरुद्ध कायद्याचा मसुदा तयार करवून घेतला, कायदा काही झाला नाही. डॉक्टरांना भेटी आणि सहली देऊ नयेत अशी संहिता केंद्राने मार्च २०२४ मध्ये आणली. नियम करावा लागला, यातच काय ते आलं.

आणि हे नुसतं पैशाचं नाही. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण ग्लिसरीनने दगावले. औषधी ग्लिसरीनच्या जागी डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेला औद्योगिक माल आला होता. ते पोटात गेलं की मूत्रपिंडं बंद पडतात. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी करून अहवाल दिला. खरेदी, एफडीए (अन्न व औषध प्रशासन), मंत्रालय, सगळ्यांची लक्तरं वेशीवर टांगली आणि आरोग्यमंत्री भाई सावंत यांना राजीनामा द्यावा लागला. आमच्या पिढीच्या फार्मसीवाल्यांना हे प्रकरण पाठ असायचं, आता अशी चूक कोण करणार असं वाटायचं. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे खोकल्याच्या सिरपने वीसहून अधिक मुलं गेली. विष तेच, डायइथिलीन ग्लायकॉल. मधे जवळजवळ चाळीस वर्षं गेली. मी स्वतः औषधं विकतो आणि तरीही ज्याला या व्यवस्थेचा संशय येत नाही त्याची मला काळजी वाटते.

तेव्हा वडिलांचा संशय काढून घेऊ नका. फक्त तो एकाच दुकानापुरता का थांबला, एवढं विचारा.

कारण किटही दुकानातूनच आलंय. आयुर्वेदिक औषधांना ते किंमत नियंत्रण लागूच नाही. चूर्ण, रस, कॅप्सूल यांवर मला सुटणारं मार्जिन गोळ्यांपेक्षा जास्त असतं, आणि शिबिरात थेट विकलेल्या किटमध्ये तर मधला दुकानदारही नाही. ग्रंथोक्त औषधाला माणसांवर चाचणी न करता परवाना मिळतो. कारण काय, तर ते हजारो वर्षं वापरात आहे. पण हजारो वर्षं ते वैद्याच्या हातून, रुग्ण बघून, ठरावीक मात्रेत, ठरावीक अनुपानासोबत जात होतं. कॅप्सूलमध्ये अर्क कोंबून सकाळ-संध्याकाळ वर्षभर घ्या, असं कोणत्या संहितेत आहे, हे शिबिरवाल्यांना एकदा विचारायला हरकत नाही.

२००८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या मासिकात इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. साधारण पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. त्याच वर्षी सिंगापूरमध्ये ‘हर्बल’ म्हणून विकल्या गेलेल्या मर्दानी ताकदीच्या गोळ्यांत ग्लायबेनक्लामाइड निघालं. ते आहे मधुमेहाचंच औषध, ॲलोपॅथीतलं, जुनं आणि चांगलंच जोरदार. लोकांची शुगर इतकी पडली की काही जण मेले. सांधेदुखीच्या पुड्यांत स्टेरॉइड निघणं तर आपल्याकडे जत्रेइतकं जुनं आहे. माणूस आठ दिवसांत चालायला लागतो आणि दोन-तीन महिन्यांत चेहरा गोल सुजतो. म्हणून किटने आठवड्यात शुगर दणकन उतरली तर आनंद करण्याआधी आत काय आहे याची शंका घ्या.

गुळवेलीबद्दलही सांगतो, कारण काढ्यात ती असणारच. कोविडच्या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांना काविळीचे असे रुग्ण दिसले जे गुळवेल घेत होते. २०२१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, त्यांच्या मते वनस्पती ओळखण्यात गफलत झाली असावी. तसं धरलं तरी प्रश्न उरतोच. तज्ज्ञांच्या नजरेखाली गफलत होऊ शकते, तर तुमच्या पुडीत कुठली वेल आहे हे कोण बघतंय?

जाहिरातींचं म्हणाल तर १९५४ चा कायदा आहे, त्यात मधुमेह बरा करण्याचा दावा जाहिरातीत करायलाच बंदी आहे. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पतंजलीला वर्तमानपत्रांत माफीनामा छापायला लावला तो अशाच दाव्यांवरून.

हे वाचून वडिलांना वाटेल, हा ॲलोपॅथीचा दलाल. म्हणून एक गोष्ट त्यांना आवर्जून सांगा, त्यांना आवडेल. त्यांनी फेकलेलं मेटफॉर्मिन मुळात एका रानटी झाडाच्या अभ्यासातून आलंय. गॅलेगा ऑफिसिनालिस नावाची युरोपातली शेंगवर्गीय वनस्पती, तिच्यातल्या द्रव्याने रक्तातली साखर उतरते हे कळलं, पण ते द्रव्य विषारी होतं. ती खाऊन जनावरं मरतात. त्याच कुळातलं निरुपद्रवी रसायन शोधत शोधत मेटफॉर्मिन हाती लागलं आणि १९५७ मध्ये जाँ स्टेर्न या फ्रेंच डॉक्टरांनी ते माणसांवर वापरल्याचं प्रसिद्ध केलं. त्या ग्लिफ्लोझिन गोळ्यांचा पूर्वजही सफरचंदाच्या झाडाच्या सालीतला आहे. आणि आपल्या घरचं उदाहरण म्हणजे सर्पगंधा. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये तिचा रक्तदाबावरचा परिणाम मांडला आणि जगभरचे डॉक्टर ती वापरू लागले. पुढे तिच्या घटकाने काही रुग्णांत नैराश्य येतं असं दिसलं, आणि तिच्यापेक्षा सोयीची औषधं आली तशी ती मागे पडली. झाडपाल्याचा मान ठेवणं मला विचाराल तर हे आहे. किती दिलं, कुणाला दिलं, काय झालं, बिघडलं काय, हे सगळं लिहून ठेवणं.

मेथ्या, कारलं, जांभळाच्या बियांचं चूर्ण यांनी शुगर थोडी उतरते. मेथ्यांत तर चांगला चोथा असतो, जेवणाआधी खाल्ल्या तर फायदा आहे. पण ‘थोडी’ हा शब्द सोडू नका. साडेनऊचं एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) कारल्याच्या रसाने साडेसहावर येत नाही.

आहाराने मात्र येऊ शकतं, आणि इथे डॉक्टर मंडळी कमी पडतात असं मला खरंच वाटतं. ब्रिटनमधला डायरेक्ट नावाचा प्रयोग २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. टाइप २ च्या रुग्णांना काही महिने रोज जेमतेम साडेआठशे कॅलरी दिल्या, गोळ्या पहिल्याच दिवशी देखरेखीखाली बंद केल्या. वर्षानंतर ४६ टक्के लोक गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होते. १५ किलो किंवा जास्त वजन उतरवलेल्यांत तर ८६ टक्के. दोन वर्षांनी आकडा ३६ टक्क्यांवर आला, वजन परत चढलं की साखर परत येते. पण त्यात सहा वर्षांच्या आतलाच मधुमेह असलेले, इन्सुलिनवर नसलेले लोक घेतले होते. तुमच्या वडिलांचा मधुमेह नऊ वर्षांचा आहे. अशक्य नाही, अवघड आहे. डॉ. दीक्षितांचं दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण बरोबर की आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचं थोडं थोडं वरचेवर, यावर २०१८ च्या सुमारास आपल्याकडे घरं फुटायची बाकी होती. मला त्यात पडायचं नाही. पोटाचा घेर उतरतोय का, एवढं बघावं. ज्वारीची भाकरी चांगली, पण चार भाकऱ्या म्हणजे चार भाकऱ्याच, त्यावर ‘मिलेट’ लिहिलं तरी.

डॉक्टरांविरुद्ध एक रास्त तक्रारही देतो, वडिलांच्या वतीने. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी१२ कमी होऊ शकतं, शाकाहारी माणसात तर आणखीच. पायाला मुंग्या येतात आणि सगळे शुगरला दोष देत बसतात. नऊ वर्षांत त्यांचं बी१२ कुणी तपासलं का? नसेल, तर त्यांच्या रागाला कारण आहे आणि तुम्ही तसं त्यांना म्हणा.

मग काय करायचं. त्यांच्याशी करार करा. शिबिरवाले ‘रिव्हर्सल’ म्हणतात ना, डॉक्टर त्याला ‘रेमिशन’ म्हणतात आणि त्याची व्याख्या आहे. औषध बंद होऊन किमान तीन महिने झाल्यावरही एचबीए१सी ६.५ च्या खाली. २०२१ मध्ये अमेरिकन आणि युरोपियन मधुमेह संघटनांनी ती मिळून ठरवली. त्यांच्याच ध्येयाची मोजपट्टी त्यांच्या हातात द्या. आज एचबीए१सी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), एसजीपीटी (यकृतासाठी) आणि बी१२ करा, तीन महिन्यांनी पुन्हा. मधल्या काळात उपाशीपोटीची शुगर सतत अडीचशेच्या वर राहिली, तहान-लघवी वाढली, वजन आपोआप उतरू लागलं किंवा पायाला जखम झाली, तर करार मोडला, गोळ्या सुरू. हे आधीच कागदावर लिहा. किटच्या प्रत्येक डबीचा फोटो काढा, बॅच नंबरसकट, आणि जुन्या डॉक्टरांना दाखवा. डॉक्टर ओरडणारे असतील तर दुसरे बघा. गावात असा एखादा तरी असतो जो काढा ऐकून हसत नाही.

लॅबही मिळालेली आहे म्हणाले, तर एकाच दिवशी दोन वेगळ्या गावांच्या लॅबमध्ये रक्त द्या, थोडा फरक येतोच, फार आला तर तिसरीकडे. आणि घरी ग्लुकोमीटर ठेवा, बोट त्यांचं, सुई त्यांच्या हातात, आकडा वहीत त्यांनीच लिहायचा. मशीन स्वस्त मिळतं, कंपन्या कमावतात स्ट्रिपांवर, तेव्हा मशीन घेताना स्ट्रिपांच्या डबीचा भाव आधी विचारा. डबी उघडल्यावर किती महिने चालते ते तिच्यावर लिहिलेलं असतं. उघडल्याची तारीख पेनाने घाला आणि झाकण घट्ट लावा, पावसाळ्यात दमट हवेने स्ट्रिपा बिघडतात आणि आकडा चुकतो.