पणजोबांच्या ट्रंकेतल्या नोटा

गावाकडचं घर उतरवताना पत्र्याच्या ट्रंकेत पणजोबांच्या पलटणीच्या कागदांत नऊ नोटा सापडल्या. वर इंग्रजीत ‘जपानी सरकार’, खाली ‘दहा रुपये’. जपानचे रुपये कसे? शिवाय नोटेवर नंबरच नाही, म्हणजे खोट्या का? (कोरेगाव)

नंबर नाही म्हणून खोट्या ठरवू नका. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला तेव्हा तिथे रुपयाच चालायचा, आणि त्या देशाच्या नोटाही आपली रिझर्व्ह बँकच काढायची. जपान्यांनी लोकांच्या सवयीचं नाव ठेवलं आणि नोटा स्वतःच्या छापल्या. मलायात डॉलर, फिलिपिन्समध्ये पेसो, असा जिथला तिथला हिशेब. बहुतेक नोटांवर नंबराऐवजी नुसती अक्षरं असतात. त्यांतलं पहिलं अक्षर मुलखाचं: ‘बी’ बर्मा, ‘एम’ मलाया, ‘पी’ फिलिपिन्स. तुम्ही पाठवलेल्या फोटोत ‘बीए’ आहे, तेव्हा माल ब्रह्मदेशचाच.

या नोटांमागे ना सोनं ना चांदी. छापखाना चालत राहिला, भाव चढत गेले, आणि १९४५ मध्ये जपान हरल्यावर पोत्यांनी नोटा रद्दी झाल्या. मलायातल्या दहा डॉलरच्या नोटेवर घडासकट केळीचं झाड होतं. लोक त्याला केळीचे पैसे म्हणू लागले, आणि ते काही कौतुकाने नव्हे.

आता किमतीचं. दहा रुपयांची ही नोट इतकी मुबलक आहे की बाजारात ती एका थाळीच्या पैशात मिळते. त्यामुळे ‘लाखो मिळतील’ म्हणणाऱ्या व्हिडिओंच्या नादी लागू नका. तुमच्याकडे मोलाचा आहे तो नोटेशेजारचा कागद. पणजोबांच्या पे-बुकात, म्हणजे फौजेतल्या पगाराच्या वहीत, पलटणीचा नंबर बघा. मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण असेल, तर ती मार्च १९४४ मध्ये मणिपुरात सांगशाकला जपान्यांशी लढली आहे. घरात कुणी आत्या, चुलतआजोबा असतील त्यांना आजच विचारा, जे सांगतील ते तारीख घालून वेगळ्या कागदावर लिहा. नोटेवर नको, पेन्सिलनेही नको. आणि नऊ नोटा नऊ भावंडांत वाटू नका. ट्रंकेतलं सगळं एकत्र राहू द्या.

त्याच ट्रंकेत सहाव्या जॉर्जची साधी भारतीय नोट निघाली तर तीही उजेडात धरा. इंग्रज १९४५ मध्ये ब्रह्मदेशात परतले तेव्हा त्यांनी भारतीय नोटांवरच ‘मिलिटरी ॲडमिनिस्ट्रेशन ऑफ बर्मा’ आणि ‘फक्त ब्रह्मदेशात चालेल’ अशा अर्थाचा इंग्रजी छाप मारला. घाईत बघणाऱ्याला तो दिसत नाही.

आमच्याकडे सहाव्या जॉर्जच्या दोन नोटा आहेत. एकीवर राजा बाजूला बघतोय, दुसरीवर समोर. ही दोन वेगवेगळ्या छापखान्यांची कामं का? (नाशिक)

नाही, ही करामत जपान्यांची. युद्धाच्या काळात त्यांनी भारतीय नोटांची नक्कल इतकी हुबेहूब केली की इकडे रिझर्व्ह बँकेला नोट बदलावी लागली. जलचिन्हातला, म्हणजे उजेडात धरल्यावर कागदात दिसणाऱ्या चित्रातला, एका बाजूने दिसणारा राजा गेला, पूर्ण समोरचा चेहरा आला. शिवाय कागदात सुरक्षा धागा घातला, तो आपल्याकडे पहिल्यांदाच. दोन्ही नोटा खिडकीशी नेऊन शेजारी शेजारी धरा, फरक हातात येईल. पाचशेच्या नोटेतला धागा आपण रोज तपासतो, त्याचं मूळ तिथे आहे.

आजोबा इटलीत लढले होते. त्यांच्या पाकिटात जवळजवळ चौकोनी, छोट्या लिरांच्या नोटा निघाल्या, पण त्यांवर मजकूर इंग्रजीत जास्त. इटलीची नोट इंग्रजीत का? (गडहिंग्लज)

कारण ती इटलीने काढलेलीच नाही. १९४३ मध्ये दोस्त फौजा सिसिलीत उतरल्या तेव्हा त्यांनी आपलं चलन बरोबर नेलं. ते छापलं अमेरिकेत. दर ठरवून टाकला: एका डॉलरला शंभर लिरा, पौंडाला चारशे. तुमची नोट उलटी करून चारी कोपरे भिंगाने वाचा. बोलण्याचं स्वातंत्र्य, धर्माचं स्वातंत्र्य, गरजेपासून मुक्ती, भीतीपासून मुक्ती, असे चार शब्दप्रयोग इंग्रजीत आहेत. ज्याचा स्वतःचा देश अजून पारतंत्र्यात होता, त्या गडहिंग्लजच्या जवानाने हे खिशात घालून इटलीच्या डोंगरांत लढाई केली. मला ही नोट हातात घेताना दर वेळी गंमत वाटते आणि थोडा रागही येतो.

एका विक्रेत्याकडे आझाद हिंद बँकेची नोट आहे. नेताजींचा फोटो, करकरीत, किंमत चाळीस हजार. घेऊ का? (पुणे)

नका घेऊ. बँक खरी, ती एप्रिल १९४४ मध्ये रंगूनला निघाली. पण बाजारात तिच्या नावाने फिरणाऱ्या नोटांत नंतरच्या काळात छापलेल्यांचा सुळसुळाट आहे. कागद लखलखीत, आकडे भलेमोठे, आणि विक्रेत्याकडे ‘एका जुन्या घरातून आली’ यापलीकडे उत्तर नाही. माझे पहिले पैसे अशाच एका नोटेत बुडाले आणि ती अजून माझ्या कपाटात आहे, फसवणुकीचा नमुना म्हणून.

रुपयाच्या नाण्याचं चित्र असलेली नोट, खाली १९१७. ही कसली? (रत्नागिरी)

पहिल्या महायुद्धात चांदीची चणचण झाली, त्यामुळे ३० नोव्हेंबर १९१७ ला एक रुपयाची नोट आली. नोटेवर नाण्याचं चित्र टाकलं, म्हणजे निदान बघायला तरी चांदीचा रुपया! पुढच्याच जानेवारीत अडीच रुपयांची, म्हणजे ‘दोन रुपये आठ आणे’ अशी नोटही निघाली. ती हाती लागली तर मला आधी फोन करा. तुमच्या एक रुपयाच्या नोटेवर सही कुणाची आहे ते मात्र नीट वाचून कळवा: गब्बे, मॅकवॉटर्स की डेनिंग, त्यावर किंमत बदलते.

नोटा लॅमिनेट करून भिंतीवर लावू का? (ठाणे)

लॅमिनेशन, सेलोटेप, इस्त्री, धुणं, चारही नाही. घड्या आहेत तशा राहू द्या. पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात एकेक नोट सुटी ठेवा. साध्या पीव्हीसी पाकिटातून काही वर्षांनी चिकट द्रव सुटतो. पावसाळ्यात डब्यात सिलिकाच्या पुड्या टाका आणि कसर लागली नाही ना ते गणपतीच्या सुमारास एकदा उघडून बघा. भिंतीवर रंगीत झेरॉक्स लावा. पाहुण्यांना फरक कळत नाही.