एम१०१० घेतलीस? आधी वायरिंग बघ
आतले कप्पे, रंग वगैरे नंतर. अमेरिकी लष्कराच्या या शेवरोले रुग्णवाहिकेत दोन बॅटऱ्या असतात. स्टार्टर २४ व्होल्टवर, दिवे मात्र १२ वर. तुझा हॅम रेडिओ (हौशी लोकांचा बिनतारी संच) १३.८ व्होल्ट मागतो. चुकून २४ ला जोडलास तर धूरच! त्याला सरळ वेगळी बॅटरी दे.

मग ६.२ लिटर डिझेल इंजिनचे ग्लो प्लग, म्हणजे थंड इंजिन सुरू करायला आत तापणाऱ्या कांड्या, तपास. टोक फुगलेला प्लग ओढताना तुटतो आणि तुकडा आत पडतो. माझा अख्खा शनिवार त्यातच गेला. गिअरबॉक्सला ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वेगात इंजिनचे फेरे कमी ठेवणारा वरचा गिअर, नाही, त्यामुळे हायवेवर ताशी ९० किमीच्या पुढे ताणू नकोस.

आणि स्ट्रेचरचे बाक काढू नकोस हं, जूनमधल्या फील्ड डेला, म्हणजे हॅम रेडिओवाल्यांच्या मैदानी कार्यक्रमाला, रात्री पाठ टेकायला तेच लागतात.